तीन भोंगे, एक दिवा

१

भोंगा वाजला नाही आणि माणूस वाहून गेला. कागदावर एवढंच होतं, बाकीचं माझ्या गळ्यात.

मी खात्याची चौकशी अधिकारी. माणूस मरतो, सगळे कानांवर हात ठेवतात, मग मला पाठवतात. एकवीस वर्षं हेच चाललंय. गुडघे बोलायला लागलेत, आणि हल्ली समोर कोणी रडायला लागलं की मला आधी थकवा येतो, वाईट नंतर वाटतं. हे काही चांगलं लक्षण नाही, पण आहे ते आहे.

जागा म्हणजे एका मोठ्या कालव्याचं कंट्रोल रूम. काचेची बंद खोली, खाली पंपांची घरघर. ऑपरेटरने बटण दाबलं की आधी तीन मिनिटं भोंगा वाजतो, मग दरवाजे आपोआप उघडतात आणि कोरड्या कालव्यात पाणी सुटतं. भोंगा अर्धा किलोमीटर लांब, एका उंच खांबावर. पंपांच्या आवाजात तो खोलीत ऐकूच येत नाही. म्हणून टेबलावर एक दिवा बसवलाय. भोंग्याचा प्रोग्राम चालू असेल तर हिरवा, नाहीतर लाल. हिरवा असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा नियम.

गेल्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं गेलं. भोंगा गप्प राहिला. खांबावर काम करणारा वायरमन खाली पडलेला पाना घ्यायला शिडीने कालव्यात उतरला होता. तो पुढच्या पुलाखाली सापडला.

संध्याकाळी पोलिसांनी भोंगा तपासला तर चांगला ठणठणीत वाजला. म्हणजे यंत्राचा दोष नाही. मग राहिली बटण दाबणारी. तीन आठवड्यांपूर्वी लागलेली मुलगी, सगळे तिला ‘नवी’ म्हणत. तिला घरी बसवलं होतं, आणि बुधवारी पाचपर्यंत माझा अहवाल गेला की तिच्यावर गुन्हा दाखल होणार होता. माझी सही तेवढी बाकी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी इतक्यांदा पाहिलंय, की सही करायच्या आधी निदान संन्याशाला भेटावं म्हटलं.

२

नवी दोन खोल्यांच्या घरात आईबरोबर राहत होती. दार आईने उघडलं, आणि माझ्या हातातली फाइल बघून तिथेच उभी राहिली. म्हटलं, आत येऊ द्या, मला जास्त वेळ उभं राहवत नाही. तेव्हा कुठे बाजूला झाली.

“दिवा हिरवा होता,” नवी म्हणाली. “मी दोनदा बघितला. हिरवाच होता.”

“भोंगा दर तासाला एकदा थोडासा वाजतो ना? बाराचा वाजला, एकचा नाही वाजला. शेजारच्या वस्तीतले सगळे सांगतात, त्यांची जेवायची वेळच त्यावर असते. म्हणजे बारा ते एकमध्ये कोणीतरी तो बंद पाडला. तू तेव्हा कुठे होतीस?”

“खोलीत. बारा एक्कावन्नला जेवायला बाहेर पडले. फाटकावरच्या मशीनवर कार्ड लावलं.”

“आणि तुझ्याबरोबर कोण होतं?”

ती दादाचं नाव घेईल हे मला माहीत होतं. दादा म्हणजे तिचा पाळीप्रमुख. अख्खं कंट्रोल रूम त्याला दादा म्हणतं. पण हजेरीत दादाची जेवायला जायची वेळ बारा चाळीस होती. आणि सुट्टीआधी कीबोर्डला शेवटचा हात लागला तो बारा एक्कावन्नला, अशी मशीनची स्वतःची नोंद होती. म्हणजे अकरा मिनिटं नवी एकटी होती, आणि जाता जाता तिनेच काहीतरी दाबलं. तिच्याविरुद्धचा सगळा डोलारा यावर उभा.

“दादा होते,” ती म्हणाली. “म्हणजे मला वाटतं होते. पाठमोरे बसले होते. मी ‘येते हं’ म्हटलं, त्यांनी हात वर केला. पण बाई, सहा दिवसांत दहा जणांनी मला सांगितलं की ते गेले होते. आता माझं मलाच खात्रीनं सांगता येत नाही. कदाचित तो सोमवार असेल.”

तिची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “ती वायरमनची बायको आली होती इथे. सगळ्या गल्लीसमोर हिला म्हणाली, तुझ्या हातून माझा माणूस मेला, तू सुखानं जेवशील कशी. तेव्हापासून हिने धड घास घेतलेला नाही.”

खोटं बोलणारी माणसं मला कळतात असं मी म्हणणार नाही, एकवीस वर्षांत कितीदा तरी फसलेय. पण खोटं बोलणारा आपल्या गोष्टीवर ठाम असतो, आणि ही पोरगी स्वतःचीच साक्ष खोडत होती.

३

वायरमनची बायको दादाची सख्खी धाकटी बहीण. म्हणून कामावर वायरमनला सगळे चेष्टेने ‘जावईबापू’ म्हणत. दादाचा स्वतःचा मेहुणा गेलेला, त्यामुळे दादाकडे संशयाने बघायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली होती.

“त्या पोरीला सोडू नका,” ती म्हणाली. “एवढंच मागणं आहे माझं.”

“तो दिवस कसा होता, ते सांगाल का? घरातून निघतानापासून.”

“रोजच्यासारखाच. भोंग्याची वायर बदलायची होती. कधी तिकडे चढायचं असलं की मी आठवणीनं कापूस द्यायची. तासातासाला कानाशी वाजतो ना तो, दोन दोन दिवस कान गुणगुणायचे त्यांचे. मंगळवारीही काढून ठेवला होता. तर म्हणाले, राहू दे, आज नाही लागणार.”

मी लिहीत होते, पेन थांबलं.

“का नाही लागणार, ते सांगितलं?”

“नाही. मी विचारलंही नाही. आदल्या संध्याकाळी दादा आला होता, दोघं अंगणात बोलत बसले होते. उशीर झाला म्हणून मी झोपले.” तिने पदराने तोंड पुसलं. “दादाने फार केलं हो आमचं. आईबाप लवकर गेले, त्यानेच मला वाढवलं. आत्ताही रोज येतो, दारात उभा राहतो आणि जातो. आत येऊन बसत नाही. त्यालाही सोसवत नाही.”

परत येताना मी स्टोअरमध्ये जावईबापूंची हत्यारांची पेटी उघडून पाहिली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी. कापूस कुठेच नव्हता. भोंगा वाजणार नाही हे त्या माणसाला घरातून निघतानाच ठाऊक होतं. आणि नवीने तर त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, तो महिनाभर दुसऱ्या कालव्यावर होता. मग त्याला हा शब्द दिला कोणी?

४

आता प्रश्न दिव्याचा. भोंगा बंद होता तर दिवा हिरवा कसा?

हे प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ कंत्राटावर यायचे. पन्नाशीचे, कपाळावर चढवलेला चष्मा शोधत फिरणारे. सगळे त्यांना ‘चष्मेवाले’ म्हणत. मी त्यांच्यासमोर दिव्याच्या नोंदींचा छापील गठ्ठा टाकला. दिवसभर दर मिनिटाला एक ओळ.

“बघा की,” ते म्हणाले, “भोंगा चालू, भोंगा चालू, भोंगा चालू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पोलिसांनीही हेच पाहिलं.”

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण आयुष्य कागद वाचण्यात गेलंय, आणि रकाना दिसला की बोट आपोआप त्यावरून खाली जातं. नावाआधी एक आकडा होता. सकाळपासून ६११, ६११, ६११. बारा बावन्नच्या ओळीपासून ९३१८. आणि दोन एकतीसपासून १०१४७.

“हे काय आहे?”

“तो प्रोग्रामचा नंबर. तो कोणी बघत नाही.”

“मी बघतेय. का बदलला?”

चष्मेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्या ओळी परत वाचल्या.

“बाई, मशीनच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो. कर्नल म्हणतात त्याला.”

“सैन्यातला का?”

“नाही हो. पण कारभार तसाच. कुठलाही प्रोग्राम सुरू झाला की तो त्याला एक नंबर देतो आणि एक नाव लावतो. नंबर चढत्या क्रमाने, आधी आला त्याला आधीचा. एकाच वेळी दोघांना एक नंबर कधीच नाही. मेलेल्याचा नंबरही लगेच कोणाला देत नाही, वरचं टोक गाठलं की मगच परत खालून रिकामे नंबर वाटायला घेतो. मंगळवारी सकाळी मशीन नव्याने सुरू केलं होतं, टोक खूप लांब होतं.”

“आणि नाव?”

“नावाचं त्याला काही पडलेलं नसतं. ज्या फाइलमधून प्रोग्राम उठला त्या फाइलचं नाव लावून टाकतो. आत काय आहे ते वाचत नाही. एका नावाचे दहा असले तरी त्याची हरकत नाही, तो ओळखतो नंबराने.”

“म्हणजे भोंगा नावाच्या फाइलमध्ये दुसरंच काही असलं तर?”

“तरी यादीत भोंगाच दिसणार. आणि दिवा यादीत फक्त नाव शोधतो.” त्यांचा आवाज खाली गेला. “दिवा मीच लिहिलाय. चारच ओळी आहेत.”

मंगळवारी एकच भोंगा नव्हता तर. एकामागून एक तीन होते. मधला, ज्याच्या राज्यात माणूस मेला, तो कोण होता?

चष्मेवाल्यांनी मशीनवर शोधलं, दहा मिनिटंही लागली नाहीत. एका कोपऱ्यातल्या कप्प्यात ‘भोंगा’ नावाची दुसरी फाइल होती. आतला प्रोग्राम उठायचा, झोपायचा, परत उठून झोपायचा. वाजवायचा काहीच नाही.

“हा कोणाचा?”

“माझाच,” ते म्हणाले. “सहा वर्षांपूर्वी चाचणीसाठी केला होता. भोंगा न वाजवता बाकीचं तपासता यावं म्हणून. पुसायचा राहिला.”

“आणि तो इथे आहे हे आणखी कोणाला माहीत होतं?”

५

खांबावर चढायचं तर भोंगा रीतसर बंद करायचा, आणि भोंगा बंद तर दरवाजेही बंद, असा नियम आहे. त्यासाठी वरून परवाना लागतो. मागच्या वेळी परवान्याला नऊ दिवस लागले होते. मग या लोकांनी आपली वाट काढली. वर तासाभराहून लांब काम असलं की झोपाळू भोंगा चालवायचा. दिवा हिरवा राहतो, कागद लागत नाही, वरच्या माणसाचे कान वाचतात. काम संपलं की खरा भोंगा परत. सहा वर्षं कुणालाही इजा झाली नाही, आणि म्हणूनच ते नियमासारखं झालं. चष्मेवाल्यांनी हे मला खाली मान घालून सांगितलं. हा प्रकार जुन्या दोन पाळीप्रमुखांना ठाऊक होता. एक निवृत्त झाला. दुसरा दादा.

“पण दादा बारा चाळीसला बाहेर पडले होते,” चष्मेवाले म्हणाले. “हजेरीत आहे. आणि हे काम फक्त खोलीतल्या कीबोर्डवरूनच होतं, बाहेरून लाइनच नाही. मी त्या दिवशी गावातही नव्हतो.”

“हजेरीचं मशीन वेगळं?”

“नाही, तेच. फाटकावर नुसता कार्डाचा डबा. कार्ड लागलं की याच मशीनवर एक छोटा प्रोग्राम उठतो, नोंद करतो आणि संपतो.”

“उठतो म्हणालात. मग त्यालाही नंबर मिळत असेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात कुणा हुशार माणसाला इतक्या सावकाश खुर्चीवरून उठताना पाहिलेलं नाही.

हजेरीची नोंद आम्ही सगळे रकाने उघडून छापली. नेहमीच्या पडद्यावर कार्ड आणि वेळ एवढंच दिसतं. मागे नंबरही असतो. नवीचं कार्ड, वेळ बारा एक्कावन्न, नंबर ९३१७. खोटा भोंगा ९३१८. आणि दादाचं कार्ड, वेळ बारा चाळीस, नंबर ९३२१.

मी बोट ठेवून दोनदा वाचलं. अकरा मिनिटं आधी गेलेल्या माणसाला नंतरचा नंबर.

“कोणी कार्ड लावायला विसरलं तर वेळ कोण दुरुस्त करतं?”

“पाळीप्रमुख,” चष्मेवाले म्हणाले. “पडद्यावर वेळ दिसते, ती बदलता येते. नंबर दिसतच नाही, तर बदलणार काय?”

आधी नवी बाहेर पडली, मग खोटा भोंगा उठला, मग दादा बाहेर पडला. पाठमोऱ्या माणसाने हात वर केला तो मंगळवारच होता. पोरगी खरं सांगत होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला तिच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली होती. मला त्या क्षणी माझ्या खात्याचा, सहीचा आणि सगळ्याचाच वीट आला.

६

बुधवारी दुपारी तीनला मी दादासमोर दोन कागद ठेवले. तो खोलीत एकटाच होता, दाढी वाढलेली. मी काही समजावून सांगायला सुरुवात केली तर त्याने हात केला.

“राहू द्या बाई. नंबर काय असतो ते मला कळतं.”

खाली पंप घरघरत होते. त्याने कागद सरळ करून टेबलाच्या कडेला लावले.

“तिसरी डबल पाळी होती त्या आठवड्यातली,” तो म्हणाला. “माणसं कमी आहेत. नवीला अजून हे शिकवलं नव्हतं, म्हणून ती बाहेर पडायची वाट बघितली. दोनच्या आत खरा भोंगा लावणार होतो. जेवून आलो, विश्रांतीच्या खोलीत खुर्चीत टेकलो. डोळा लागला. आरडाओरडा झाला तेव्हा जाग आली.”

“आणि आधी भोंगा बदललात.”

“हो. पळत वर आलो, नवी बाहेर धावली होती, आणि आधी तो बदलला. हाताला सवय. तेव्हा मला वाटत होतं मेहुणा खांबावरच आहे, वर आहे म्हणजे सुरक्षित आहे.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “पाना पडेल आणि तो मध्येच खाली उतरेल, हे कुठे माहीत होतं.”

“वेळ कधी बदललीत?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“ती पोरगी तुरुंगात गेली असती, दादा.”

“माहीत आहे.”

“चोवीस वर्षांची आहे ती.”

“माहीत आहे म्हटलं ना.” त्याने कागद उलटे करून ठेवले. “तिच्यावर ढकलावं असं मनात नव्हतं. मला फक्त बहिणीला सांगायचं नव्हतं. रोज ठरवून जातो. दारात उभा राहतो, ती म्हणते आत ये, आणि माझा पाय उचलत नाही. नवऱ्याचे कान दुखतात म्हणून तिनेच मला म्हटलं होतं, दादा, काहीतरी कर ना. केलं मी काहीतरी.”

मी पुष्कळ कबुल्या ऐकल्यात. बहुतेक वेळा कबुली झाली की माणसांना सुटल्यासारखं वाटतं, चहा मागवतात. मला त्या दिवशी खुर्चीतून उठवेना.

“अहवाल पाचला जातो,” मी म्हटलं. “तिला कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. दीड तास आहे. मी येते बरोबर.”

त्याच्या बहिणीचं घर दहा मिनिटांवर होतं, आम्हाला वीस लागली. ती उंबऱ्याशीच बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “झालं का तिचं?” मग तिचं लक्ष दादाच्या चेहऱ्याकडे गेलं.

तो उभ्यानेच बोलला. पाठ केल्यासारखं, सगळं, खुर्चीत डोळा लागल्यापर्यंत आणि पुढे हजेरीची वेळ बदलल्यापर्यंत. तिने आपल्याला काय विनवलं होतं, तेवढं मात्र त्याने गाळलं. मला वाटलं ती ओरडेल, त्याला मारेल, निदान रडेल. ती नुसती ऐकत राहिली.

“मी म्हटलं होतं तुला,” ती शेवटी म्हणाली. “त्यांच्या कानांचं.”

“तू काही—”

“मला बोलू दे. मी म्हटलं होतं, तू केलंस, आणि मी त्या पोरीच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीसमोर तिला तोंडाला येईल ते बोलले. तू त्या दिवशी संध्याकाळी आला होतास. मी तुला सांगितलं होतं मी काय बोलून आले ते. तू ऐकून घेतलंस.”

दादाने मान हलवली.

ती भिंतीचा आधार घेऊन उठली, आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल. पण ती चपला घालून बाहेर आली, कडी लावली, आणि त्याच्या तोंडाकडे न बघता पायरी उतरली.

“कुठे निघालीस?” त्याने विचारलं.

“तिच्या घरी. तूही चल. मी बोलले तेव्हा जेवढी माणसं जमली होती, तेवढी जमवायची, आणि तू त्यांच्यासमोर आत्ता मला सांगितलंस ते सगळं सांगायचं. मी तिचे पाय धरीन.”

“आणि मग?”

“मग तुझं माझं बघू,” ती म्हणाली, आणि चालायला लागली.